ट्रॉलीतली भट्टी कुठे ठेवावी

एकदा एक वस्ताद होते आणि त्यांचा एक शिष्य होता. वस्ताद म्हटल्यावर डोळ्यांपुढे तालीम येते, तांबडी माती येते. पण हे वस्ताद गाडीचे. चाळीस वर्षे त्यांनी घाट चढला आणि उतरला, आणि त्यांच्या गाडीत बसलेल्या माणसाला कधी खरचटलंसुद्धा नाही. शिष्याचं नाव निवास. वय चोवीस, हात चलाख, डोकं त्याहून चलाख. चलाख माणसाला शिकवणं अवघड असतं, कारण त्याला निम्मं आधीच आलेलं असतं आणि उरलेलं निम्मं आलं आहे असं वाटत असतं.

आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात बारा बायकांनी मिळून जेवणावळींचा उद्योग काढला होता. त्यांचा तांदूळ, डाळ, तेल आमच्या दुकानातून जायचं, म्हणून ही हकिकत मला तुकड्यातुकड्याने समजली. गिऱ्हाईक सामानाची यादी सांगताना जितकं बोलतं तितकं घरीसुद्धा बोलत नसावं. बायकांनी सतरा सीटची एक मोठी गाडी घेतली होती आणि तिच्या मागे जोडायला दोन चाकांची लोखंडी ट्रॉली करून घेतली होती. गाडीत बायका, ट्रॉलीत स्वयंपाकघर, अशी ही वरात गावोगावी फिरायची. सारथ्य वस्तादांचं.

पण वस्तादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि समोरून ऊन आलं की त्यांना रस्ता पांढरा दिसू लागला. त्यांनी बायकांना सरळ सांगितलं, "आता गाडी निवासने चालवावी. सपाटीवर तो चालवतोच आहे. घाटाचं मात्र मी शेजारी बसून एकदा बघणार. जमलं तर चावी त्याची. नाही जमलं तर घाटाखालची कामं आपण सोडून द्यायची, कारण मी दुसरा माणूस आणणार नाही आणि तुमचा जीव अंदाजावर टाकणार नाही."

निवासने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. घरी आईला सांगून बसला होता की चावी आपलीच.

संधी लवकर आली. घाटाखालच्या एका शाळेत तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. सहाशे पोरांचं जेवण, दुपारी एकला. निवास पहाटे पाचला ट्रॉली भरायला हजर. त्याने मन लावून भरली. आधी आत, म्हणजे गाडीच्या बाजूला, पत्रावळ्यांची आणि द्रोणांची पोती. मग ताटं-वाट्या. मग पातेली. आणि सगळ्यात शेवटी, मागच्या फाळक्याला, म्हणजे उघडणाऱ्या पत्र्याला, लागून, दोन लोखंडी भट्ट्या, चार सिलिंडर आणि कणीक मळायचं यंत्र. जागा उरली नाही म्हणून तांदळाची चार पोती गाडीच्या टपावर चढवली.

या भरण्यामागे विचार होता, हे मी निवासच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आचाऱ्यांची रीतच तशी असते. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम चूल पेटवणं. म्हणून चुलीचं सामान सर्वांत शेवटी भरायचं, म्हणजे फाळका उघडला की ते सर्वांत आधी हाताशी येतं. पत्रावळ्या सगळ्यात शेवटी लागतात, त्या सगळ्यात आत. दहा मिनिटांत चूल पेटली की यजमान खूश. आणि दुसरा एक फायदा होता. असं भरल्यावर ट्रॉलीचा दांडा इतका हलका होई की निवास तो एका हाताने उचलून गाडीच्या आकड्यात अडकवायचा. शेजारपाजारचे पाहत. "काय हाय काय तुझ्या हातात," असं लंकामावशी म्हणायच्या, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस चांगला जायचा.

लंकामावशी म्हणजे त्या बारा जणींच्या मुख्य आचारी. देहाने भरभक्कम, जिभेने त्याहून. गाडीतली शेवटची लांब सीट त्यांची. तिथे त्या पाय वर घेऊन बसत, आणि त्यांच्याशी गप्पा मारायला आणखी तिघी मागे जात. पुढच्या सीटा मोकळ्या राहत. तिथे ऊन लागतं, अशी तक्रार होती.

त्या सकाळी वस्ताद आले. त्यांनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. दांड्याखालच्या दोन्ही साखळ्या एकमेकींवरून तिरप्या अडकवल्या आहेत ना, ते पाहिलं. मागचे दिवे लावून पाहायला सांगितले. टायरवर अंगठा दाबला. निवास वाट पाहत होता की आता काहीतरी बोलतील. वस्ताद निवासच्या शेजारच्या सीटवर चढून बसले आणि एवढंच म्हणाले, "घाट लागेपर्यंत काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही."

"चाळीस?" निवास म्हणाला. "वस्ताद, रस्ता मोकळा आहे."

"मोकळाच असू दे."

पंधरा-वीस किलोमीटर सगळं सुरळीत गेलं. मागे बायकांची बडबड चालू. पुढे बसलेल्या रंजनाताई, म्हणजे गटाच्या सचिव, दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहायच्या. घड्याळ पाहणारं माणूस गाडीत असलं की चालवणाऱ्याच्या पायात वजन येतं. पुढे रस्ता लांबलचक उताराला लागला आणि काटा पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न असा सरकत गेला. वस्तादांचं लक्ष समोर होतं. काटा त्यांना दिसला नाही.

तेवढ्यात शेजारून एक लांब ट्रक भर्रकन पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा एक धक्का बसला आणि ट्रॉलीने शेपटी हलवली. एकदा डावीकडे. मग उजवीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. मग पुन्हा डावीकडे. गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर ओढली जाऊ लागली आणि निवासच्या हातातलं चाक हलकं, पोकळ झालं. मागे भांड्यांचा खडखडाट आणि बायका एकदम गप्प. बारा बायका एकदम गप्प होणं काय असतं ते ज्याने ऐकलं आहे त्यालाच कळेल.

निवासचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," वस्ताद म्हणाले. आवाज चहा मागावा तसा. "पाय नुसता उचल. चाक सरळ धर. तिच्या मागे फिरवू नकोस. तिला दमू दे."

निवासने पाय उचलला. ट्रॉली आणखी दोनदा झुलली, मग एकदा, मग थकल्यासारखी सरळ झाली. काटा तिसावर आला. घाम निवासच्या कानामागून मानेवर उतरला होता.

"अरं बाबा," मागून लंकामावशी म्हणाल्या, "जेवण शाळेत द्यायचंय का वर?"

घाट सुरू होण्याआधी एक चहाची टपरी आहे, समोर मोठं पटांगण. वस्ताद म्हणाले, "तिथं घे." निवासने गाडी थांबवली. त्याला वाटलं, चावी गेली. आता वस्ताद स्वतः चाकावर बसतील, किंवा परत फिरा म्हणतील.

वस्ताद खाली उतरले. मागे गेले. फाळका पाडला आणि म्हणाले, "सगळं उतरव."

"काय काय ठेवून जायचं?" निवासने विचारलं. त्याला वाटलं, ओझं जास्त झालं असावं. टपरीवाला ओळखीचा होता, दोन-चार पोती त्याच्याकडे ठेवता आली असती.

"काही ठेवायचं नाही. सगळं न्यायचं आहे. फक्त उतरव."

रंजनाताई धावत आल्या. "वस्ताद, साडेसात झालेत. नऊला चूल पेटली नाही तर सहाशे पोरं उपाशी. जेवढं आहे तेवढंच पुन्हा भरायचं, तर उतरवायचं कशाला?"

"ताई, चहा घ्या," वस्ताद म्हणाले.

बायका खाली उतरल्या. पदर खोचून त्यांनीही हात लावला. एकेक वस्तू पटांगणात मांडली गेली. रस्त्याने जाणारे थांबून विचारू लागले, भांडी विकायची आहेत का. लंकामावशी म्हणाल्या, "भांडी न्हाईत, वस्ताद विकायचं हायेत. स्वस्तात देतो."

मग वस्तादांनी भरायला लावलं. आधी भट्ट्या, आत, चाकांच्या किंचित पुढे. सिलिंडर उभे, भट्ट्यांना लागून, दोराने आवळून. मळायचं यंत्र चाकांच्या बरोबर वर. टपावरची तांदळाची पोती खाली आली आणि ट्रॉलीच्या तळाला, मधोमध बसली. मग पातेली. त्यांच्यावर ताटं-वाट्या. आणि सगळ्यात मागे, फाळक्याला, पत्रावळ्या; त्यांतली जी पोती मावली नाहीत ती, हलकीच म्हणून, गाडीच्या टपावर. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. शेवटी ते गाडीच्या दारात उभे राहिले. "लंकाबाई, तुम्ही पुढं. निवासच्या पाठीमागच्या सीटवर. सगळ्यांनी पुढून भरत या. शेवटची सीट रिकामी राहील."

"माझी सीट?"

"रिकामी राहील."

"माझं वजन बोलताय का वस्ताद?"

"बोलतोय," वस्ताद म्हणाले. "तुमचं वजन मोलाचं आहे. ते मागच्या चाकांच्याही मागं ठेवून मी वाया घालवणार नाही."

लंकामावशी पिशवी उचलून सांगितलेल्या सीटवर जाऊन बसल्या. आयुष्यात दोनदाच असं झालं म्हणे.

सामान भरण्यासाठी ट्रॉली सोडली होती. ती आता पुन्हा जोडायची होती. निवास सवयीने एका हाताने दांडा उचलायला गेला. दांडा हलला नाही. दुसरा हात लावला, गुडघे वाकवले, तेव्हा कुठे तो उठला, आणि आकड्यात बसताना गाडीची मागची बाजू बोटभर खाली दबली.

निवासला राहवलं नाही. "वस्ताद, राग मानू नका. सामान तेवढंच. एक चमचा कमी नाही. उलट आता गाडीवर भार वाढला, जोडायला दोन हात लागले, आणि भट्ट्या सगळ्यात आत गेल्या. तास मोडला तो वेगळा. मिळवलं काय?"

वस्ताद फाळक्याला टेकले. म्हणाले, "बैलगाडी बघितली आहेस? मागे जास्त भरलं की ती उलाळ होते. पुढचं तोंड वर उचलतं, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं. बैलाला वाटतं, बरं झालं, मान मोकळी झाली. पण मान मोकळी झाली त्या क्षणी गाडी बैलाच्या ताब्यात राहिलेली नसते. तुझ्या हाताला दांडा हलका लागला, तुला बरं वाटलं. ओझं कमी झालं नव्हतं, निवास. ते तुझ्यापासून लांब गेलं होतं. लांब टाकलेलं ओझं माणसाला दाबत नाही, ते माणसाला हलवतं. ज्याला ओढून न्यायचं आहे, त्याचा थोडा भार अंगावर घ्यावा लागतो. सगळा नव्हे. सगळा घेतलास तर गाडी मागं बसेल आणि पुढची चाकं रस्ता सोडतील. ट्रॉलीत दहा माणसांचं ओझं असेल तर एका माणसाएवढं आकड्यावर यावं. तेवढं जाणवत राहिलं की मागचं आपलं आहे, हे हाताला ठाऊक असतं."

निवास म्हणाला, "तुम्ही सकाळी फेरी मारली तेव्हाच हे दिसलं असणार. तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास, आणि मी नसताना पुन्हा तसंच भरलं असतंस. वाटलं, चाळीसच्या आत ती जराशी झुलेल, तुझ्या हाताला कळेल, आणि घाटाच्या आधी आपण थांबू." ते जरा थांबले. "पण बारा बायका मागं असताना असा धडा द्यायचा नसतो. तू काटा वर नेलास ही तुझी चूक. मी गाडी जागची हलू दिली ही माझी. माझी मोठी."

माझ्या पाहण्यात पुष्कळ शहाणी माणसं आली. आपली चूक शिष्यासमोर, कुणी भाग पाडल्याशिवाय, कबूल करणारी फार थोडी.

इथे मला आमच्या पेठेतले एक हमाल आठवतात. हातगाडीवर आठ पोती घालायचे आणि नवव्या पोत्याला जागा असूनही ते मागे लावायचे नाहीत, पुढे ओढून घ्यायचे. मी लहान दुकानदार, घाईचा. विचारलं तर म्हणाले, "शेठ, दांडी हाताला लागली पाहिजे. लागली नाही तर चढावर गाडी मला उचलते." त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि मीही फारसं नाही, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं पटकन कळलं.

असो. गाडी घाटाला लागली. चाकावर निवासच. वस्तादांनी त्याला उठवलं नाही, यातच त्याला निम्मा धीर आला. वळणाआधीच वेग कमी, दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून न राहता थोडा दाबायचा आणि सोडायचा. अवघड वळणावर ट्रॉली आतल्या बाजूने जवळचा रस्ता धरते, म्हणून गाडी बाहेरून घ्यायची. पुढच्या वाहनापासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर. मागे चार गाड्या साचल्या की रुंद जागा पाहून कडेला व्हायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. अर्ध्या घाटात वस्तादांनी थांबवलं, आणि निवासने खाली उतरून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हाताची पाठ लावून चाकं तापली आहेत का ते पाहिलं. कोमट होती. "पोळली तर थांबायचं," वस्ताद म्हणाले. त्या संपूर्ण घाटात ते एवढंच बोलले.

लंकामावशी मात्र निवासच्या कानाशी होत्या. "निवास, ते बघ, माकड. निवास, ह्या वळणावर माझ्या नणंदेच्या दिराची जीप..." "मावशी, ते नंतर सांगा." "बरं. पण जीपला काई झालं न्हवतं बरं का." पुन्हा एक मोठा ट्रक समोरून आला, पुन्हा वाऱ्याचा धक्का बसला. निवासने चाक सरळ धरलं. ट्रॉली गाडीमागून मुकाट्याने आली, जशी गाय ओळखीच्या माणसामागून येते.

शाळेत पोचायला दहा वाजले. क्रीडाशिक्षक फाटकातच उभे, चेहरा उतरलेला. फाळका पडला आणि पहिल्या बाहेर आल्या पत्रावळ्या. शिक्षक त्या पत्रावळ्यांकडे पाहत राहिले. भट्टी हाती लागायला अर्धा तास गेला. जेवण एकऐवजी पावणेदोनला झालं. त्या पाऊण तासात खो-खोचा एक सामना जास्तीचा खेळवला गेला आणि पोरं इतकी भुकेली झाली की आमटी पुन्हा दोनदा वाढावी लागली. उशीर झाला, हे कुणी फारसं बोललं नाही. रंजनाताईंनी मात्र वहीत टिपून ठेवलं.

पंगती बसल्या तरी निवास जेवायला आला नाही. तो रिकाम्या ट्रॉलीशी उभा होता. ट्रॉलीच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर, चाकाच्या पुढच्या अंगाला, वितीने काहीतरी मोजत होता. वस्ताद ताट घेऊन तिकडेच गेले.

"वस्ताद," निवास म्हणाला, "फाळका मागेच का असावा?"

"म्हणजे?"

"हा पत्रा इथून इथपर्यंत कापायचा. बिजागऱ्या लावायच्या, वर दोन कड्या. भट्ट्या तुम्ही ठेवल्यात तिथेच ठेवायच्या, चाकाच्या पुढे. घाटात त्या पुढे राहतील. आणि खाली पोचल्यावर बाजूचा फाळका उघडला की पहिल्या त्याच बाहेर. डावी बाजू घ्यायची, म्हणजे उतरवणारी माणसं रस्त्यात उभी राहणार नाहीत. वेल्डिंगवाल्याचं एका दिवसाचं काम."

वस्तादांनी हातातला घास ताटात ठेवला. पत्र्याकडे पाहिलं, मग निवासच्या वितीकडे.

"चाळीस वर्षं मी उशीर सोसला," ते म्हणाले. "लोकांची बोलणी खाल्ली. मला वाटायचं, नीट पोचायचं तर उशीर सोसावाच लागतो. हे मला सुचलं नाही."

"सामान कुठं ठेवायचं ते तुम्ही सांगितलं म्हणून सुचलं," निवास म्हणाला.

"जेवून घे. आमटी संपेल."

तीनच्या सुमारास भांडी घासून झाली. ट्रॉली भरायची वेळ आली. निवासने स्वतः भरली, भट्ट्या पुढे, आणि दोन हातांनी दांडा उचलून आकड्यात बसवला. साखळ्या तिरप्या घातल्या. बायका पुढून बसत आल्या. निवासच्या शेजारची सीट मोकळी होती.

"वस्ताद कुठं गेले?" रंजनाताईंनी विचारलं.

शाळेच्या शिपायाने सांगितलं की म्हातारबाबा तासापूर्वीच एसटी स्टँडकडे गेले. त्यांची बहीण पुढच्या गावात असते, तिच्याकडे दोन दिवस राहून येणार आहेत.

"आणि चावी?" लंकामावशी म्हणाल्या. "सकाळी हितं उतरल्या उतरल्या त्यांनी काढून खिशात टाकली हुती. मी बघितलंय."

निवासने स्टिअरिंगच्या चाकाखाली हात घातला. चावी जागेवर लावलेली होती.

तो एकदा खाली उतरला, ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना हात लावून आला, आणि मग घाट चढायला लागला, तिसाच्या वेगाने. घड्याळाकडे त्या दिवशी रंजनाताईंनीही पाहिलं नाही.

ज्याच्या मागे माणसं जोडलेली आहेत, मग ते घर असो, दुकान असो की गाव, त्याने दांडा हाताला कितपत लागतो आहे ते अधूनमधून उचलून पाहावं.